सातव्या गाण्यातला कूलर

निर्मला,

एकच प्रश्न तू मला किती वेळा विचारला असशील. "कुसुम, तुले कसं वाटलं?" पोळ्या लाटताना विचारलास. गिरणीच्या रांगेत विचारलास. दवाखान्यात सलाईन लावलेल्या हातानं माझा पदर ओढून विचारलास. मी दर वेळी म्हणाले, "चांगलं आहे." आणि तू दर वेळी चिडलीस. "चांगली तं भेंडीची भाजी बी असते. मोठ्यानं बोल वं, मच्छरावानी काय बोलते?"

तुझ्या लेकीच्या, संघमित्राच्या आल्बमवर सगळ्यांनी आपलं मत दिलं. मुंबईच्या वेबसाइटवाल्यानं दिलं, इथल्या पेपरवाल्यानं दिलं, दुबईत राहणाऱ्या कुणा माणसानं दिलं. तुझ्या चुलतसासूनंही दिलं. बँड म्हटल्यावर तिनं आधी हेच विचारलं की लग्नाच्या ऑर्डरी घेता का. राहिले ती मी एकटी. तू गेल्याला दोन महिने होत आले. आज वही घेऊन बसले आहे. ही कुणी वाचणार नाही, म्हणून भीती वाटत नाही.

मी सुरुवातीपासून सांगते. तुला सगळं माहीत आहे, तरी ऐक. एक गोष्ट तुला मी कधी सांगितली नाही, ती मध्ये येईल.

गेल्या मे महिन्यात संघा शेजारी माझ्या खोलीत आली. मागं तिच्या बँडमधला तो फिरोज आणि ढोल वाजवणारा अमोल. मला वाटलं जेवायला काही मागतील. संघा म्हणाली, "मावशी, तुह्याजवळ गोधड्या किती हायेत?" मी म्हणाले, गिऱ्हाइकांच्या चौदा आहेत, तयार. "दे ना दोन दिवस. भिंतीले लावायच्या हायेत. गोधडी आवाज पिते." मी आयुष्यभर गोधड्या शिवल्या, पण गोधडी आवाज पिते हे मला पोरीनं सांगितलं. मी दिल्या. नाही म्हणायला मला कधी जमलंच नाही.

मग तुझी पुढची खोली काय झाली होती, आठव. लकडगंजातून लाकडाच्या पट्ट्या आणल्या आणि भिंतीवर माझ्या चौदा गोधड्या ठोकल्या. खिळ्यांनी! मला आधी कळलंच नाही. नंतर गोधड्या काढल्यावर चारही कोपऱ्यांना भोकं. मी प्रत्येक भोकावर लाल दोऱ्यानं एकेक फूल काढलं आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, या वर्षी नवीन डिझाइन आहे. दोघीतिघींनी पुढच्या वर्षीही तेच फूल पाहिजे म्हणून सांगितलं आहे. तू ऐकून जमिनीवर बसून हसली होतीस.

नागपुरात मे महिन्यात दारंखिडक्या लावून, भिंतीवर गोधड्या टांगून, कूलर बंद ठेवून कुणी गाणी भरतं का? पण त्यांना दुसरा इलाज नव्हता. मनीषनगरातल्या त्या मुलानं आपला माइक आणि गाणी भरायचं यंत्र दोनच दिवस दिलं होतं. त्यांनी आल्बमचं नावच 'बारा ते चार' ठेवलं होतं, कारण त्या वेळात आपल्या गल्लीत कुत्रंसुद्धा फिरत नाही, रस्त्याचा आवाज येत नाही. बँडचं नाव 'वाळा', कूलरच्या ताट्यांत घालतात तो, आणि कूलर बंद. तू म्हणाली होतीस, "हे म्हंजे नाव गंगाबाई अन् आंघोळ नाई."

दुसऱ्या दिवशी शेवटचं सातवं गाणं राहिलं होतं. तुझं गाणं. भर उन्हात शाळेतून सुटलेली, डांबर चिकटतं म्हणून चपला हातात घेऊन भिंतीच्या सावलीतून चालणारी बाई. शाळेत शिपाई म्हणून तू चोवीस वर्षं काम केलंस, पण तू सावली शोधत घरी येतेस हे मला त्या गाण्यातून कळलं.

मी स्वयंपाकघरात होते. पोरांसाठी पन्ह्यात साखर ढवळत होते. मधल्या दाराची गोधडी जरा सरकली होती, त्या फटीतून मला संघाची मान दिसली. मानेवरून पाणी नळासारखं वाहत होतं. केस चिकटलेले. डोळे मिटून ती गात होती आणि तिचे पाय थरथरत होते. मला वाटलं, पोरगी आता पडते. तू बर्फ आणायला कोपऱ्यावर गेली असशील असं मी समजले. हाक मारावी तर गाणं बिघडेल. माझ्या डोक्याच्या वर पुढच्या खोलीतल्या कूलरचं बटण होतं.

मी दाबलं.

निर्मला, तो कूलर मी लावला होता.

खिडकीवरची गोधडी गरोदर बाईच्या पोटासारखी फुगली. कडेनं गार वारा आत गेला. पत्र्याच्या कूलरची घरघर आणि ताट्यांवरून पाणी टपटपल्याचा आवाज सगळ्या खोलीत भरला. संघानं गाणं थांबवलं नाही. तिनं एक मोठा श्वास सोडला आणि पुढची ओळ म्हटली. गाणं संपल्यावर मी पन्ह्याच्या पातेल्यापाशी थिजून उभी. बाहेर फिरोजचा आवाज आला, "कूलर किसने चालू किया?" आणि लगेच तुझा आवाज, "मी लावला! काहून? मारता का आता सगळ्याईले?"

पुन्हा गायला संघाचा गळा उरला नव्हता आणि माइक संध्याकाळी परत द्यायचा होता. गाणं तसंच आल्बममध्ये गेलं. माझ्या वाट्याची बोलणी तू खाल्लीस. मी तुला काही बोलले नाही. तू पण काही विचारलं नाहीस. मला वाटलं, तुला शंका आली असेल, पण खात्री नसेल.

दिवाळीनंतर आल्बम आला. तुझ्या फोनवर आपण दोघींनी ऐकला, खाटेवर बसून, एकेका कानात इयरफोनचं एकेक बोंड घालून. त्यानंतर तुला एक नवीन काम लागलं. शाळेतून सुटून चार वाजता तू चहा घेऊन माझ्या खोलीत यायचीस आणि लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचून दाखवायचीस.

पहिला अभिप्राय मुंबईचा, इंग्रजी. संघानं आपल्याला अर्थ सांगितला. पाचातले दोन तारे. मुलीच्या आवाजात दम आहे, शब्द साधे आणि खरे आहेत, पण सातव्या गाण्याखाली सतत यंत्राची घरघर आहे, एवढाही निष्काळजीपणा बरा नव्हे. संघाचं तोंड उतरलं. तू एकदम उसळलीस. "दोन तारे? त्या कोपऱ्यावरच्या सावजीले चार तारे हायेत, अन् माह्या पोरीले दोन? त्याच्या रश्शात झुरळ निघालं होतं!"

तू भांडत होतीस आणि मी शिवणीत मान घालून बसले होते. निष्काळजीपणा. तो शब्द माझा होता. पोरीनं दोन वर्षं नोकरी करून, राबून केलेल्या कामावर माझ्या एका बोटामुळं डाग लागला होता. सुई माझ्या अंगठ्यात गेली ती त्याच दिवशी. तू हळद आणलीस. म्हणालीस, "ध्यान कुठं हाय वं तुहं?"

मग इथल्या पेपरात चार ओळी आल्या. नागपूरच्या तरुणांचा स्तुत्य उपक्रम, असं काहीतरी. फोटो दुसऱ्याच पोरांचा. तरी तू ते कात्रण सदरला जाऊन प्लास्टिकमध्ये मढवून आणलंस. आजही बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ते लावलेलं आहे आणि त्यात तीन अनोळखी पोरं हसत आहेत.

पण खरी मजा साध्या लोकांच्या लिहिण्यात होती. रोज पाचदहा तरी नवीन यायचे. पहिल्या आठवड्यात तूच वाचलंस. मग एक दिवस फोन माझ्या हातात कोंबलास. "तू वाच आता. माह्या डोळ्यात पाणी येते." तुझ्या डोळ्यात पाणीबिणी काही नव्हतं. मी पाहिलं होतं.

चौथीनंतर मी काही वाचलं नव्हतं. गोधडीवर खडूनं गिऱ्हाइकाचं नाव लिहायचे, तेवढंच माझं लिहिणं. मी एकेक अक्षर जोडून वाचायचे, तू चहा थंड होईपर्यंत थांबायचीस. जोडाक्षर आलं की तू माझ्याआधी ते बोलायची नाहीस, हे मला आता लक्षात येतं. मी वाचलेलं पहिलं पूर्ण वाक्य असं होतं: "सात नंबरचं गाणं ऐकलं की मला माझ्या घरची दुपार आठवते." नाव पुण्याच्या कुणा मुलीचं. ती होस्टेलमध्ये राहते. मग दुबईचा माणूस. तो मूळचा इथलाच. त्यानं लिहिलं होतं की इथं एसी आहे पण झोप येत नाही, तुमचा कूलर लावून झोपतो, कृपा करून तो आवाज काढू नका. एका बाईनं विचारलं होतं की तिसऱ्या मिनिटाला तो श्वास कुणाचा आहे, तिथं मला दर वेळी रडू येतं.

वाईट पण यायचं. एकानं लिहिलं, "गाणं आहे की कूलरची जाहिरात?" तू संघाला न विचारता बँडच्याच नावानं उत्तर टाकलंस, "तुह्या घरी हाय का कूलर?" चारपाचशे लोकांनी त्याच्यावर हसणारी तोंडं टाकली आणि संघा तुझ्याशी दोन दिवस बोलली नाही. फिरोज मात्र तुला फोन करून म्हणाला, "आंटी, आप ही संभालो ये सब." तू महिनाभर तेच सांगत फिरलीस, आणि लोकांना लिहीत राहिलीस की मी संघाची आई, कूलर मीच लावला.

आता आपल्या भांडणाचं. तुझी तब्येत बिघडायच्या आधीचे ते दिवस. एक कंपनी आल्बम पुन्हा काढायला तयार झाली, नीट, मोठ्या पातळीवर. त्यांनी एवढंच म्हटलं की सातवं गाणं स्टुडिओत स्वच्छ गाऊन द्या. संघाचा विचार दोन्हीकडं होता. तू म्हणालीस, हात लावायचा नाही. आणि मी, जी कधी तोंड उघडत नाही, मी म्हणाले, "देऊन टाकू दे ना स्वच्छ करून."

तू माझ्याकडं पाहिलंस. "काहून? तुले का खुपून राहिला तो कूलर?"

"लोक नावं ठेवतात."

"एक जण नाव ठेवते. बाकीचे त्याच्यासाठी रडून राहिले. तूच तं वाचून दाखवते मले!"

"तरी. चूक ती चूकच."

"कोणाची चूक?"

मी सुईत दोरा ओवायला लागले. तू बराच वेळ थांबलीस, मला वाटतं. मग म्हणालीस, "जाऊ दे. चहा घे." ते भांडण मिटलं नाही, आपण फक्त चहा प्यायलो. दवाखान्यात तू माझा पदर ओढून विचारलंस, "तुले कसं वाटलं?" तेव्हा तुझ्या डोळ्यात हसू होतं. मी म्हणाले, "चांगलं आहे." त्यानंतर तू मला विचारलं नाहीस.

तुझ्या पुण्यानुमोदनाला सगळी वस्ती आली होती. तुझ्या शाळेच्या बाई आल्या, मुलं आली. वंदना झाली, जेवणं झाली. बँडची गाणी आवडणारे काही जण पण आले होते, संघाच्या ओळखीचे नसलेले, हातात फुलं घेऊन, दाराशी चपला काढून शेवटच्या रांगेत बसलेले. त्यातली एक मुलगी तुझ्या फोटोपाशी जाऊन हळूच म्हणाली, "त्या कूलरवाल्या काकू याच ना?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

लोक गेल्यावर संघा आणि मी भांडी घासत बसलो. ती म्हणाली, "मावशी, मी त्या लोकाईले हो म्हणून देतो. स्टुडिओत गातो. आई होती तवा गोष्ट वेगळी होती. तिनं लावलेला कूलर म्हणून मी ठेवला होता."

माझ्या हातात तुझं ते मोठं भगोणं होतं. मी ते खाली ठेवलं.

"संघा, तो कूलर आईनं नाही लावला. मी लावला होता."

ती हात न थांबवता म्हणाली, "माहीत हाय मले."

"कसं?"

"कसं म्हंजे? आई माह्या समोर उभी होती ना त्या टायमाले! मधल्या दाराची गोधडी खिळ्यातून निघून राहिली होती, ते दोन्ही हातानं धरून उभी होती. तिनं काय पायानं लावला कूलर?" आणि ती हसायला लागली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. "फिरोजले माहीत हाय, अमोलले माहीत हाय. त्या मनीषनगरच्या पोट्ट्याले बी माहीत हाय. आता बी तू बोलशीन म्हणूनच मी तसं म्हटलं."

म्हणजे जवळजवळ एक वर्ष मी जे पोटात घालून फिरत होते, ते सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती फट माझ्या बाजूनं दिसत होती, आणि गोधडीच्या दुसऱ्या बाजूला तू. दोन्ही हात वर.

मी विचारलं, "मग कुणी बोललं काहून नाही मला?"

"आईनं शपथ घातली होती. म्हणे, कुसुमले काही म्हणाल तं ती पुन्हा आपल्या घरात पाय नाई ठेवणार. तिचं तिले सांगू द्या. सांगन एक दिवस."

निर्मला, चार वाजताचा तो चहा. "ध्यान कुठं हाय वं." "कोणाची चूक?" आणि तो तुझा प्रश्न, दळणाच्या रांगेतला, दवाखान्यातला. मी तुला एवढी वाट पाहायला लावली. राग आला असेल तर तो तुझ्याकडं ठेव, मला इकडं बरंच काम आहे.

संघानं हात धुतले, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "आता सांग मावशी. ठेवू का काढू? तुले कसं वाटते?"

अगदी तुझ्यासारखी. पण या वेळी मी सांगितलं. "ठेव. तिसऱ्या मिनिटाला तू श्वास सोडतेस ना, तो गारवा लागला म्हणून सोडतेस. कूलर काढला तर श्वास कशाचा ते कळणार नाही. स्टुडिओत तू श्वास सोडशील, पण तो खोटा असेल."

तिनं उठून फोन घेतला आणि कंपनीला लिहिलं, हे गाणं आहे तसंच पाहिजे असेल तर घ्या. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. येईल. नाही आलं तरी दुबईवाला आहेच.

आता माझं मत. लिहून ठेवते, म्हणजे तुला परत विचारायला नको. पहिलं गाणं लांबलंय. दोन वेळा संपल्यासारखं वाटतं आणि परत सुरू होतं, पाहुणे दारात उभं राहून बोलतात तसं. दुसरं आणि तिसरं मला आवडतं. चौथ्यातला गिटारचा आवाज मला अजून कळला नाही, पण आता दात दुखत नाहीत ऐकून. पाचवं मला आवडत नाही, त्यात आरडाओरडा फार आहे. तुलाही आवडत नव्हतं, तू ते लागलं की चहा टाकायला उठायचीस, मी पाहिलंय. सहावं चांगलं आहे. भेंडीच्या भाजीसारखं चांगलं. आणि सातवं माझं आहे. तुझं, संघाचं आणि माझं.

गेल्या रविवारी सदरला त्यांचा कार्यक्रम होता. एका लहान हॉलमध्ये. संघा म्हणाली, "मावशी, कूलर लावायले तुले यावं लागन." मी नाही म्हणाले. तीन दिवस नाही म्हणाले. चौथ्या दिवशी तिनं फक्त एवढंच म्हटलं, "मग कोण लावन?"

आपलाच कूलर नेला, तुझा पत्र्याचा, टेम्पोत घालून. ताट्या मी बदलल्या, नवीन वाळ्याच्या घातल्या. पंपाला सुतळी गुंडाळली, तू गुंडाळायचीस तशी. हॉलमध्ये नळ लांब होता, बादल्या मी वाहिल्या. फिरोज म्हणाला, "मौसी, पानी की क्या ज़रूरत, आवाज़ ही तो चाहिए." मी म्हणाले, पाण्याशिवाय तो टपटप आवाज कुठून येणार? तो कान पकडून गेला.

स्टेजच्या कडेला, पडद्याला लागून मी स्टुलावर बसले. समोर पोरंपोरी दाटून उभी. त्यांना सगळे शब्द पाठ होते, आपल्यापेक्षा जास्त. सातव्या गाण्याच्या आधी संघा काही बोलली नाही, तुझं नाव पण घेतलं नाही. नुसती गिटार धरून उभी राहिली. आणि खालून ते सगळे तोंडानं घुं करायला लागले. हळूहळू सगळा हॉल. निर्मला, ते कूलर वाजवत होते! शंभर तोंडांचा एक कूलर. मला हसू आलं आणि रडू पण.

मला कुणी खूण केली नाही. करायची गरजच नव्हती. तिसरं मिनिट आलं, संघानं डोळे मिटले, तिच्या मानेवरून घाम वाहत होता. मी दाबलं. एप्रिल महिन्यातल्या त्या बंद हॉलमध्ये वाळ्याचा वास पसरला आणि पुढच्या दोन रांगांतल्या सगळ्यांनी तिच्याबरोबर श्वास सोडला. ठरवून केलेलं नव्हतं. गारवा लागला म्हणून.

कार्यक्रम झाल्यावर मी पडद्यामागं कूलरमधलं पाणी बादलीत काढत होते. दोन वेण्या घातलेली एक मुलगी तिथं आली. पायांकडं पाहून, लाजत, अगदी माझ्यासारखी. म्हणाली, "काकू, तुम्ही बँडमध्ये काय करता?"

मी म्हणाले, "मी कूलर लावते."

मोठ्यानं म्हणाले, निर्मला. तिला परत विचारावं लागलं नाही.